हरणं मारतेस?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते गाळलं आहे, बाकी जसंच्या तसं आहे.)



संयोजकांनी मला खरं तर 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. तयारीही केली होती. पण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर माझा एक फोटो फिरला. डोक्यापासून पायापर्यंत झाडाच्या सालीच्या रंगाचे कपडे, हातात धनुष्य आणि मागे बर्फ. त्याखाली एकीने लिहिलं, "काय गं, हरणं मारतेस?" पुढे तीन रडके चेहरे. त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर जे चाललं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलं आहे. काल इथे आल्यापासून पोहे खाताना, चहा घेताना, वर्गाच्या जुन्या बाकांवर फोटो काढताना मला सगळे तेच विचारत आहेत. तेव्हा एकदाच सांगते.

हो, मारते. आठ वर्षांत सहा.

मी ओहायोत राहते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. घाबरलं की शेपटी उभी करून पळतं आणि झाडीत पांढरा रुमाल हलवल्यासारखं दिसतं. चितळासारखी भरीव शिंगं, फक्त नराला, आणि ती दरवर्षी गळतात. जंगलतोड आणि बेबंद शिकारीमुळे १९०४ च्या सुमाराला ओहायोतून हे हरीण नाहीसं झालं होतं. आज राज्याच्या ८८ च्या ८८ काउंट्यांमध्ये ते आहे. ते परत आणलं, जपलं, आणि इतकं वाढलं की आता मक्याच्या शेतात, लोकांच्या परसात, हमरस्त्यावर, जिथे पाहावं तिथे आहे. लांडगे आणि प्यूमा तिथून केव्हाच संपले. त्यामुळे संख्येला आवर घालणारी दोनच गोष्टी उरल्या: मोटारी आणि माणसं.

माझी सुरुवात मोटारीनेच झाली. नोव्हेंबर महिना होता, संध्याकाळी ऑफिसमधून घरी येत होते. एक मादी गाडीपुढे आली. मला काही झालं नाही. ती रस्त्याच्या कडेला पडली, मागचे दोन्ही पाय मोडलेले, आणि पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत राहिली. पोलीस यायला वीस मिनिटं लागली. त्याने पिस्तुलाने तिला संपवलं, माझा विम्याचा नंबर लिहून घेतला आणि विचारलं, "मांस हवंय का?" मी नाही म्हटलं, घरी आले, आणि फ्रीजमधून चिकन काढून मुलांसाठी रस्सा केला. फोडणी देताना मला पहिल्यांदा वाटलं की यात काहीतरी गडबड आहे. आयुष्यभर कोंबडी खाल्ली, एकीच्याही डोळ्यांत पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी शिकाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम केला. तिथे तो केल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, आवाजावर किंवा नुसत्या हालचालीवर कधीही नेम धरायचा नाही, प्राणी पूर्ण दिसला पाहिजे. वर्गात सगळे मान डोलावत होते आणि मला आपल्या बालवर्गातला श्रावणबाळ आठवत होता. घड्यात पाणी भरल्याचा आवाज, दशरथाचा बाण. एवढी साधी गोष्ट आपल्याला पाचव्या वर्षी सांगितली होती.

आता धनुष्यबाणच का? बंदुकीचे दिवस तिथे मोजके असतात, आणि त्या दिवसांत रानात गर्दी असते. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरअखेरीला सुरू होतो तो फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत. नोव्हेंबरात नर माद्यांमागे वेडे झालेले असतात, त्यांना कशाचं भान नसतं, म्हणून बहुतेक शिकारी तेव्हाच रजा टाकतात. आमच्याकडे तेव्हा वर्षअखेरच्या रिलीजची धांदल. मला उसंत मिळते ती जानेवारीच्या मध्याला, बंदुका थंडावल्यावर. तोवर हरणं शहाणी झालेली असतात. चार महिने माणसांनी पिटाळलेली, त्यांना प्रत्येक झाडाचा संशय. पानगळ झालेली, त्यामुळे मचाणावर बसलेली मी आभाळाच्या पार्श्वभूमीवर कावळ्यासारखी उघडी. त्यांचा थंडीचा कोट करडा झालेला असतो, जंगलाच्याच रंगाचा. अंगातली चरबी पुरवायची म्हणून ती फार हलत नाहीत. दक्षिणेच्या उतारावर उन्हात पडून राहतात आणि संध्याकाळी उठून न कापलेल्या मक्याकडे किंवा सोयाबीनकडे जातात. म्हणजे शोधायचं काय, तर त्यांचं जेवण कुठे आहे आणि झोप कुठे, आणि त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर बसायचं.

मचाण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते नाही. झाडाला पट्ट्याने बांधलेली लोखंडी खुर्ची, साधारण पंधरा फुटांवर, आणि मी दुसऱ्या पट्ट्याने खोडाला बांधलेली. माझे आजोबा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचे, गोफण घेऊन. त्यांची नात अमेरिकेत जाऊन पुन्हा माळ्यावरच बसली, फक्त दगड मारून पाखरं उडवण्याऐवजी तीन तास नाकसुद्धा ओढायचं नाही. उणे नऊ तापमानात पहिला अर्धा तास बोटं दुखतात. नंतर दुखायची थांबतात, आणि ते जास्त वाईट.

विज्ञान भाग १ शिकवणारे सर समोर बसले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक गणित. माझ्या धनुष्याचा ताण ४५ पौंड, साधारण २० किलो. ओहायोत किमान ४० पौंड लागतो. बाण सेकंदाला सुमारे ७५ मीटर जातो. मी १८ मीटरपलीकडे बाण सोडत नाही, म्हणजे आपल्या खो-खोच्या दोन खांबांमधल्या अंतराहूनही कमी. बाणाला पोहोचायला लागतात ०.२४ सेकंद. दोरी सुटल्याचा आवाज पोहोचतो ०.०५ सेकंदात. उरलेल्या ०.१९ सेकंदात हरीण काय करतं? उडी मारण्यासाठी आधी खाली दबतं. फुप्फुसावर धरलेला नेम मग पाठीत लागतो, किंवा लागतच नाही. हिवाळ्यातली, चार महिने धसका घेतलेली हरणं जास्त दबतात. सर, तुम्ही नववीत मला ध्वनीच्या गणितात दहापैकी चार दिले होते. आता येतं.

बाण बंदुकीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्त काढून मारतो. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण शंभरेक पावलं धावतं आणि काही सेकंदांत पडतं. रक्त गुलाबी आणि फेसाळ मिळतं. गडद मिळालं तर यकृत. आणि बाणाला हिरवट घाण, वास असेल तर पोटात लागलाय. तेव्हा शिकाऱ्याने करायची सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काहीही न करणं. आठ-दहा तास थांबायचं. हरीण जवळच कुठेतरी आडवं होतं आणि तिथेच मरतं. मागे गेलात तर उठून पळतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी बाणाला हिरवं लागलं होतं. मला माहीत होतं. तरी अर्ध्या तासाने खाली उतरले आणि टॉर्च घेऊन मागे गेले, कारण ते तिथे तडफडत असेल ही कल्पना मला सहन होत नव्हती. माझ्या चाहुलीने ते उठलं. सकाळी चारशे पावलांवर, दुसऱ्याच ओढ्यात सापडलं. मागचा भाग रात्री कायोटींनी खाल्ला होता. ज्यांच्या शेतात मी बसते ते म्हातारे शेतकरी माझ्याबरोबर आले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून पुन्हा घातली. त्यानंतर दोन हंगाम मी नुसतीच बसले. धनुष्य होतं, पण ओढलं नाही.

आता जे आईलाही अर्धंच सांगितलं होतं ते. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे.

तीन वर्षांपूर्वी, हंगामाचा शेवटचा आठवडा. सूर्य मावळताना चार माद्या आल्या. निदान माद्या वाटल्या. जानेवारीत नरांचीही शिंगं गळलेली असतात, म्हणून कानांपुढे कपाळावर गळलेल्या शिंगांच्या खुणा आहेत का ते दुर्बिणीतून पाहावं लागतं. पाहिलं. सगळ्यात थोराड मादी आडवी उभी राहिली, पुढचा पाय एक पाऊल पुढे. बाण सुटला. ती सत्तर पावलांवर पडली. अभ्यासक्रमात शिकवतात तसा नेम.

पोट उघडल्यावर आत दोन होती. वीतभरही नाहीत. खूर होते, पारदर्शक. डोळे मिटलेले.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. नोव्हेंबरात माद्या गाभण राहतात, सुमारे २०० दिवसांनी, मेअखेरीला-जूनमध्ये पाडसं होतात, बहुतेकदा जुळी. जानेवारीतली मोठी मादी गाभण असणारच. हिशेबाने पाहिलं तर तीच मादी ऑक्टोबरात मारली असती तरी ती दोन पाडसं जन्मली नसतीच. संख्या कमी करायची तर मादीच मारायला हवी, हेही खरं. मी ऑफिसात रोज असे हिशेब करते आणि ते बरोबर असतात. हाही बरोबर आहे. पण मी त्या बर्फात बसले होते, कोपरापर्यंत हात रक्ताने गरम, आणि तो हिशेब काही उपयोगाचा नव्हता.

त्या रात्री मी आईला फोन केला. शिकार करते हे कळल्यावर आईने पूर्वी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आमच्याकडे रविवारी मटण व्हायचं, पण हरीण म्हणजे आईच्या लेखी कांचनमृग. तिला मी म्हटलं, आज एक मादी मिळाली, गाभण होती. दोन होती हे नाही सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोटातल्याचं काय केलंस?"

मी सांगितलं, पुरायला गेले, पण जमीन दगडासारखी गोठली होती, टिकाव असता तरी गेला नसता. पानांखाली ठेवलं.

"मग काय करणार," आई म्हणाली. "मुलं जेवली का?"

त्या मादीचं वीसेक किलो मांस निघालं. त्यातलं निम्मं त्या शेतकरी आजोबांकडे गेलं. उरलेल्याचा कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. हरणाच्या मांसाला चरबी नसते, जरा जास्त शिजलं की चामडं होतं, हे तुमच्यापैकी कुणाला कधी उपयोगी पडणार नाही तरी सांगते. सगळं संपायला ऑगस्ट उजाडला. एकही तुकडा फेकला नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "हे असलं करायला अमेरिकेला जायचं का?" त्याला उत्तर: होय, तिथेच. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली ते योग्यच झालं, आणि इथे मी काळविटाकडे धनुष्य रोखलं असतं तर तुम्हीच मला पोलिसांत द्यायला हवं होतं. तिकडे १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवतात, पुढे धनुष्यबाणही त्यात आले. माझ्या बाणांवर मी तो कर भरते. पण मी त्यासाठी जाते असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला ते तीन तास आवडतात. दुसरीकडे कुठे मी इतकी लक्ष देऊन बसत नाही, माझ्या मुलांजवळसुद्धा नाही, हे कबूल करायला लाज वाटते. आणि दर वेळी हरीण आलं की पोटात गोळा येतो. तो येईनासा झाला तर धनुष्य विकून टाकायचं, एवढं ठरवलं आहे.

परवाच्या विमानाने परत जाते आहे. हंगामाचे पाच आठवडे उरतील. काल रात्री आईला ती दोन होती हे सांगितलं, इथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळायला नको म्हणून. ती म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं, तुझ्या आवाजावरून. मग म्हणाली, "यंदा जाणार असशील तर जायच्या आधी मला फोन कर. नंतर नको."

करीन म्हटलं.

जेवणाची पानं वाढून झाली आहेत, असं स्वयंसेवक खुणा करून सांगत आहेत. आज शाकाहारीच आहे, मी विचारून घेतलंय. नमस्कार.