खुब्याच्या हाडातील सौम्य गाठ आणि सुईवाटे होणारा उपचार

(कामशेत येथे शिक्षक, पंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



नाणे मावळातील एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा पावसाळा सरता सरता लंगडू लागला, तर घरची माणसे काय म्हणतात? लावणीच्या चिखलात पाय मुरगळला असेल, किंवा लोहगड चढताना लचक भरली असेल. तेल चोळले जाते, शेक दिला जातो. दोन महिने लोटले तरी लंगडणे थांबत नाही. मूल गुडघा दुखतो म्हणते, गुडघ्याचे क्ष-किरण चित्र मात्र निर्दोष येते. मग शाळा बुडविण्याचे हे निमित्त असावे, अशी शंका शिक्षकालाही येऊ लागते. खुबा आणि गुडघा यांना काही चेतातंतू समाईक असल्यामुळे खुब्यातील दुखणे कित्येकदा गुडघ्यात जाणवते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

अशा दुखण्याची कारणे अनेक आहेत. हाडाचा क्षय, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होणे, वाढीच्या वयात तो गोळा सरकणे, ही त्यांतील काही. त्यांतच एक लहानशी गाठ असते. तिला ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा’ म्हणतात. न्यूयॉर्कचे डॉ. हेन्री जॅफे यांनी १९३५ मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले. ती बहुधा पाच ते पंचवीस या वयात, मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळते आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग हे तिचे आवडते ठिकाण होय. तिचा गाभा साधारणतः दीड सेंटिमीटरहून मोठा नसतो. ती कर्करोग नव्हे आणि कर्करोगात तिचे रूपांतरही होत नाही. वैद्यकशास्त्र तिला ‘सौम्य’ म्हणते; रात्र रात्र जागणाऱ्या मुलाला हा शब्द थट्टेचाच वाटावा.

या गाठीची खूण मोठी बोलकी आहे. दुखणे रात्री वाढते आणि ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळीने अर्ध्या-एक तासात विलक्षण उतरते. गाठीच्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची वेदनाकारक द्रव्ये विपुल तयार होतात आणि ही औषधे नेमकी त्यांची निर्मिती रोखतात. मात्र म्हणून दुकानातून गोळ्या आणून मुलाला देत राहणे घातक आहे. विषाणुजन्य तापात ॲस्पिरिन दिल्यास मुलांच्या यकृताला व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. गोळीने आराम पडतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तेवढ्यावरूनही निदानाला दिशा मिळते. साध्या क्ष-किरण चित्रात ही गाठ पुष्कळदा निसटते. सांध्याच्या वेष्टनाच्या आत असली तर नुसती सांध्याची सूज भासते आणि संधिवाताचे किंवा क्षयाचे उपचार सुरू होतात. पातळ छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये तिचा गाभा स्पष्ट दिसतो.

पूर्वी यावर उपाय म्हणजे हाडाचा तेवढा तुकडा कापून काढणे. खुब्याजवळचे हाड अंगाचा सारा भार पेलते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ सापडावी म्हणून नाइलाजाने आवश्यकतेहून अधिक हाड काढावे लागे. मग ते मोडू नये म्हणून कधी पट्टी बसवावी लागे, आणि पुढे कित्येक आठवडे कुबड्या. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. डॅनिएल रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये निराळी पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला भूल देऊन, सीटी स्कॅनच्या साहाय्याने, काही मिलिमीटरच्या छेदातून सुई थेट गाठीच्या गाभ्यात नेतात. तपासणीसाठी कण काढून घेतात. मग रेडिओ-लहरींच्या विद्युतप्रवाहाने सुईचे टोक सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही मिनिटे तसेच ठेवतात. टोकाभोवतालचा जेमतेम सेंटिमीटरभर भाग जळतो, बाकीचे हाड शाबूत राहते. बहुतेक मुले दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि रात्रीचे ते दुखणे एक-दोन दिवसांत थांबते. थोड्या रुग्णांत ते पुन्हा उद्भवते; तेव्हा हाच उपचार पुन्हा करता येतो. गाठ त्वचेच्या किंवा मोठ्या चेतातंतूच्या अगदी लगत असेल तर मात्र फार जपावे लागते. हाडातील पोकळ पुटी ही निराळी व्याधी असून तिचे उपचारही निराळे आहेत.

हा उपचार परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात होतो, आणि येथेच एक अडचण उभी राहते. ‘टाटाला नेले’ एवढे शब्द गावात पोहोचले की घरात सुतक पडते. १९४१ मध्ये सुरू झालेले ते रुग्णालय कर्करोगासाठी ख्यातनाम असल्याने हे स्वाभाविकच; परंतु हाडांच्या सौम्य गाठींचे रुग्णही तेथे पाहिले जातात. केवळ या भीतीने मुलाला वर्षभर घरी ठेवलेले कुटुंब गावात असेल, तर त्याची समजूत सरपंचाने किंवा शिक्षकाने घालणे अधिक परिणामकारक ठरते.

शाळेत वर्गशिक्षकाने दोन गोष्टी टिपाव्यात: लंगडणे दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले काय, आणि दोन्ही मांड्यांची जाडी सारखी दिसते काय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलाचे नाव पुढे करावे. ताप व वजनातील घट सोबत असेल, तर पथकाची वाट न पाहता त्याला रुग्णालयात पाठवावे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली हा उपचार बसतो काय, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी. शिधापत्रिका व मुलाचे ओळखपत्र सोबत न्यावे. लोणावळ्यापर्यंत लोकलने जाऊन पुढे मुंबईची गाडी पकडल्यावर एखादा कागद घरी राहिल्याचे आठवले, तर तो दिवस फुकट जातो.

परत आल्यावर मुलाला वर्गात बसण्यास हरकत नसते. धावणे, कबड्डी व जड ओझे मात्र डॉक्टर सांगतील तितके आठवडे वर्ज्य. तेवढ्या काळापुरती कवायतीतून सूट मुख्याध्यापकांनी लेखी द्यावी, आणि घरच्यांनी त्या हंगामात त्याला भाताच्या पेंढ्या उचलावयास लावू नये.