नैसर्गिक आहार आणि कामगाराचा दिवस



महिनाभर केवळ नैसर्गिक अन्न खावयाचे, कारखान्यात तयार झालेला एकही जिन्नस तोंडात घालावयाचा नाही, असा नेम अलीकडे पुष्कळ मंडळी धरतात. नेम चांगला आहे. मी त्याची थट्टा करावयास उभा नाही. परंतु कामगारांत आयुष्य गेलेल्या माणसाला कोणत्याही नेमापाशी एक प्रश्न विचारण्याची सवय जडते : हे काम कोण करणार, आणि त्याला वेळ किती लागणार? आज तोच प्रश्न मी आपणापुढे ठेवणार आहे.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. ज्वारी मळावी लागते, पाखडावी लागते, दळावी लागते. हुरडासुद्धा आपण निखाऱ्यावर भाजूनच खातो. तेव्हा प्रक्रिया हे काही पाप नव्हे. ब्राझीलचे आहारशास्त्रज्ञ कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये विचारले ते हेच, की प्रक्रिया किती झाली आणि कशासाठी झाली? भाकरी, ताक, जवसाची चटणी ही एका बाजूस. रंग, कृत्रिम वास आणि टिकाऊपणाची द्रव्ये घालून पुडक्यात भरलेला माल दुसऱ्या बाजूस.

हा विचार आपल्याला परका नाही. १९२९ मध्ये गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू आणि मध, असा तो आहार होता. प्रकृती बिघडली, आमांश झाला, आणि ऑगस्टमध्ये प्रयोग थांबला. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये शेजारच्या वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, कुमारप्पांनी त्याचे काम उभे केले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हे तेथे केवळ पथ्य नव्हते. त्यात गावच्या माणसाची मजुरी होती. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो तेव्हा कोंड्याबरोबर त्यातले सत्त्व जाते आणि कांडणारणीचा रोजगारही जातो. अन्न आणि रोजगार यांचा विचार एकत्र करावा, ही मगनवाडीची शिकवण मला मोलाची वाटते.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. जात्याचे गोडवे बहुधा जे दळत नाहीत तेच गातात. जात्यावर ओवी फुलली खरी, पण बाईची पहाटेची झोप त्याच जात्यात भरडली गेली. गावात पिठाची चक्की आली तेव्हा बायांनी जाते सोडले, ते आळसाने नव्हे.

आता अमेरिकेतला एक प्रयोग ऐका. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना २८ दिवस ठेवून घेतले. १४ दिवस कारखानी अन्न, १४ दिवस साधे अन्न. हवे तितके खा, अशी मुभा. याचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखानी अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलो वाढले. साध्या अन्नावर तितकेच उतरले. नैसर्गिक आहारवाद्यांचा हा विजयच होय. परंतु त्याच निबंधात खर्चही दिला आहे. रोजच्या २००० कॅलरींसाठी कारखानी अन्नाला आठवड्यास १०६ डॉलर, साध्या अन्नाला १५१. आणि चूल कोणी सांभाळली? संस्थेच्या स्वयंपाकघराने! त्या २० जणांना भांडेसुद्धा घासावे लागले नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या संघटनेतील दोन कुटुंबांनी हा नेम धरला. भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी, ठेचा, गूळ-फुटाणे. एका घरी धडधाकट सासू होती. तिने महिना निभावून नेला. दुसऱ्या घरी नवराबायको दोघेही कापसाच्या जिनिंगमध्ये. तेथे नवव्या दिवशी पोरांच्या हाती पुन्हा बिस्किटाचा पुडा आला. पहिल्या घरी निर्धार अधिक होता काय? नव्हे, पहिल्या घरी बिनपगाराचे दोन हात अधिक होते. दमून आलेल्या बाईला तो पुडा अन्न विकत नाही, अर्धा तास विकतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा प्रश्न जिभेच्या संयमाचा कमी आणि दिवसाच्या वाटणीचा अधिक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या संहितेने ही संख्या १०० वर आणली. परंतु आमच्या भागातील लहान कारखाने त्याहीखाली राहतात. अशा चारसहा कारखान्यांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवावे, तेथे पगारी बायांनी भाकरी थापावी, आणि ती निवांत खाण्यापुरती सुटी कामगाराला मिळावी. शिध्यात गहू-तांदळाबरोबर ज्वारी नियमाने मिळावी, म्हणजे सोयाबीन-कपाशीने व्यापलेल्या शेतात तिलाही थोडी जागा राहील. आणि घरातील पुरुषांनी, यात सभेतील पुरुषही आले, परातीला हात लावावा. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नेम जरूर धरा. फक्त पहिल्या दिवशी कागदावर दोन रकाने आखा : काय खाल्ले, आणि ते कोणी केले. महिन्याअखेरीस दुसरा रकाना वाचून पाहा. त्यात एकच नाव तीस वेळा आले असेल, तर शरीर शुद्ध झाले असेल, व्यवहार नाही.