घर गेलं, हिशोब राहिला

(तोरणमाळ येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण ओळखीचे लोक बँकेच्या नोटिसा माझ्याकडे आणतात. "तू शिकलेला आहेस, बघ काय लिहिलंय," म्हणतात. शहादा, नंदुरबार, धुळ्याहून इथे आलेल्या तुमच्यावरही ही वेळ येईल, म्हणून हा विषय.

हप्ते थकून घराला बँकेचं कुलूप लागलं की घरातली माणसं गप्प होतात. अब्रू गेली असं वाटतं. काही घरांत तर व्याजाचं कर्ज काढल्याचंच नातेवाइकांपासून लपवलेलं असतं. मग कुटुंब दुसऱ्या गावी भाड्यानं राहायला जातं आणि टपाल जुन्या पत्त्यावर येत राहतं. खरं नुकसान इथून वाढतं, कारण कायद्यातले दिवस कुणासाठी थांबत नाहीत.

हा कायदा म्हणजे २००२चा सरफेसी. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं. मग ६० दिवसांची मागणी नोटीस येते. आपण लेखी हरकत घेतली तर बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर ताबा, मग लिलाव. सहकारी बँकाही या कायद्यात येतात. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२० रोजी तसा निकाल दिला. पतसंस्थेची वसुली मात्र सहकार कायद्यानं होते, तिची वाट वेगळी.

आता कुलूप लागल्यानंतर काय करता येतं ते पाहू.

पहिलं, दाद मागता येते. दिवाणी कोर्टात नाही, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात, कारवाईच्या तारखेपासून ४५ दिवसांत. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. आपल्या जिल्ह्यात नाही. पूर्वी या अर्जासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागे. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ती अट रद्द केली. तिथं नोटीस नीट बजावली का, घराचं मूल्यांकन झालं का, मुदती पाळल्या का, हे तपासलं जातं. कारवाई बेकायदा ठरली तर ताबा परत मिळू शकतो.

दुसरं, सगळी थकबाकी आणि खर्च भरून घर सोडवता येतं. पण लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. "लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ" हा समज महागात पडतो. २०२३च्या बाफना मोटर्स प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं आहे.

तिसरं, लिलाव झाला तरी हिशोब मागता येतो. समजा कर्ज, व्याज आणि खर्च मिळून १८ लाख होते आणि घर २३ लाखांना गेलं. वरचे ५ लाख बँकेचे नाहीत, ते घरमालकाचे. त्यावर दुसऱ्या कुणाचा बोजा नसेल तर ते त्याला मिळायला हवेत. हिशोब लेखी मागा आणि अर्जावर पोच घ्या.

चौथं, उलटही घडतं. घर १५ लाखांनाच गेलं तर उरलेल्या ३ लाखांसाठी बँक कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्याही मागे येऊ शकते. म्हणून घर गेलं म्हणजे कर्ज फिटलं असं धरू नका. एकरकमी तडजोडीची विनंती करा, ठरलेलं पत्रावर घ्या आणि पैसे भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. गृहकर्जात आई किंवा पत्नी अनेकदा सहकर्जदार असते. सही तिची असते, पण नोटीस तिला कुणी वाचून दाखवत नाही. ती वाचून दाखवणं हे आपलं काम आहे.

तुमच्या मोहल्ल्यात कुणाचं घर गेल्याचं कळलं तर धीर द्यायला जरूर जा. जाताना वही-पेन न्या. ताब्याची तारीख लिहा आणि तिथून ४५ दिवस मोजा.