आरोपपत्रात नसलेला गुन्हा

आज रवांडाबद्दल बोलूया. १९९४च्या नरसंहारावेळी ज्याँ-पॉल अकायेसू हा ताबा भागाचा महापौर होता. पुढे टांझानियातल्या अरुशामध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात, त्याच्यावर खटला चालला. आणि मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता! फॉर्ममध्ये रकानाच नसेल, तर माहिती भरणार कुठे? आम्हा कोडवाल्यांना हे पटकन कळतं.

१९९७ मध्ये एका आईने साक्ष देताना सांगितलं, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. न्यायमूर्ती नवी पिल्ले यांनी खोलात जाऊन प्रश्न विचारले. तिघांच्या त्या पीठावर त्या एकट्याच बाई. त्यानंतर आरोपपत्र बदललं.

२ सप्टेंबर १९९८ला निकाल लागला: बलात्कार हाही नरसंहाराचा मार्ग ठरू शकतो. असं म्हणणारा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय निकाल. अकायेसूला जन्मठेप झाली.

पण कोणी विचारलंच नाही, असे खटले किती असतील?