सर्वांसाठी आरोग्यसेवा आणि आपले औषधदान

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रातील मला काही कळत नाही. हिशेब मात्र थोडाफार कळतो. त्यामुळे सर्वांना परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा विचार मी खातेवहीच्या अंगानेच करणार आहे.

हा वाद जुना आहे. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच म्हटले होते. त्यासाठी सरकारने आपली रुग्णालये वाढवावीत, की विम्याच्या मार्गाने खासगी रुग्णालयांची दारे उघडावीत, यावर आजही जाणकारांचे एकमत नाही. दुसऱ्या मार्गाचा अनुभव आपल्या जिल्ह्याला लवकर आला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू लागले. २०१७ साली या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

केशरी शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा वर्षाला एक लाख रुपये. बाराने भागले तर महिन्याला ८,३३३ रुपये होतात. माझ्या दुकानातील एका जुन्या सहकाऱ्याचा पगार याहून थोडा अधिक. म्हणून त्याची शिधापत्रिका पांढरी, माझ्यासारखीच. २०१८ साली त्याच्या पत्नीच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तेव्हा कागदोपत्री तो आणि मी एकाच पंक्तीत बसलो. मी उचल दिली, काही समाजबांधवांनी हातभार लावला, उरलेल्या रकमेसाठी घरातील दागिने गेले. ती उचल मी दोन वर्षे त्याच्या पगारातून कापून घेतली. व्यवहार म्हणून त्यात चूक नव्हती. तरी आज हे सांगताना संकोच वाटतो.

१ जुलै २०२४ पासून हा रंगांचा भेद संपला आणि संरक्षणाची मर्यादा पाच लाखांवर गेली. आम्हा व्यापाऱ्यांना सरकारने फुकट उपचार का द्यावेत, असे आपल्यातीलच काही जण विचारतात. पूर्वी मीही विचारीत असे. परंतु श्रीमंतांना वगळण्यासाठी आखलेल्या रेषेने प्रत्यक्षात वगळला गेला तो आमच्याकडे कापड मोजणारा माणूस!

मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. घरी परतल्यावर वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, ही मोठीच सोय. परंतु चिठ्ठीवरील प्रत्येक गोळी तेथे मिळेलच असे नाही. गेल्या दिवाळीत मी त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो असता कळले, की वहिनी गोळ्या दिवसाआड घेत आहेत. पाकीट महिनाभर पुरावे म्हणून! शस्त्रक्रियेस लाखो रुपये जमले होते. ती टिकविण्यासाठी लागणारे महिन्याचे काही शे रुपये जमत नव्हते. आणि इतकी वर्षे मी विचारलेही नव्हते.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद वाणिज्य शाखेत प्रारंभीच शिकवितात. आपले दान भांडवली खर्चावर विशेष प्रसन्न असते. रुग्णवाहिकेस दाता मिळतो, तिच्या चालकाच्या पगारास मिळत नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त ट्रस्टने एक मोठे वैद्यकीय यंत्र भेट द्यावे, अशी सूचना आली आहे. सूचकांचा हेतू वंदनीय आहे. तरीही मी नम्रपणे असहमत आहे.

त्या रकमेची मुदतठेव करावी. तिच्या व्याजातून रक्तदाब, मधुमेह व हृदयविकाराच्या गरजू रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे, शक्यतो जेनेरिक, औषधे पेण आणि रोहे या दोन्ही ठिकाणी दरमहा द्यावीत. जात-धर्म पाहू नये, शिधापत्रिकेचा रंग विचारू नये. व्याज अपुरे पडेल ही कोषाध्यक्षांची शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी मोजकेच रुग्ण घ्यावेत. पण जे घेऊ, त्यांचा एकही महिना चुकता कामा नये.

हा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. त्यात दात्यांच्या नावाची पाटी लावण्याची तरतूद नाही, हे आधीच सांगून ठेवतो.