बदल करावा, पण नोंदीसह



आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत स्थान मिळाले. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु जुन्या संगणक-प्रणालींना या लिपीची ओळख नसते. तेथे अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. म्हणून फॉन्ट व इतर तयार घटक, ज्यांना ‘पॅकेज’ म्हणतात, ते अद्ययावत करावे लागतात. या बदलांची नोंद कशी ठेवावी, हा आजचा विषय आहे.

जमिनीच्या फेरफारात जुने नाव, नवे नाव, तारीख व कारण नमूद होते. संगणकाच्या कामात हेच कार्य २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी निर्माण केलेली ‘गिट’ ही प्रणाली करते. तीतील प्रत्येक नोंदीस ‘कमिट’ म्हणतात.

समजा, एखाद्या शाळेने गोंडी वाचनपाठांची प्रणाली तयार केली आहे. तिचे पॅकेज बदलताना काही पथ्ये अवश्य पाळावीत. हातातील अपुरे काम आधी पूर्ण करून नोंदवावे. त्यात हा बदल मिसळू नये. शक्यतो एका वेळी एकच पॅकेज बदलावे, म्हणजे बिघाड कोठून आला हे तत्काळ कळते. पॅकेजांची यादी आणि नेमक्या आवृत्त्या दर्शविणारी लॉक-फाईल या दोन्ही एकाच नोंदीत याव्यात. एक राहिली, तर दुसऱ्या शाळेतील संगणकावर वेगळीच आवृत्ती उतरण्याचा संभव असतो.

नोंदीपूर्वी प्रत्येक फरक डोळ्यांखालून घालावा आणि पाठ उघडून अक्षरे नीट उमटतात की नाही, हे पाहावे. सरसकट सर्व फायली समाविष्ट करू नयेत. अनवधानाने पासवर्ड नोंदला गेला, तर पुढील नोंदीत तो काढूनही जुन्या इतिहासात शिल्लक राहतो. तो तातडीने बदलणे हाच उपाय. ‘अद्ययावत केले’ एवढेच न लिहिता पॅकेजचे नाव, जुनी व नवी आवृत्ती आणि कारण लिहावे. चूक आढळल्यास सामायिक इतिहास पुसू नये; ती रद्द करणारी नवी नोंद करावी.

ही दक्षता अनाठायी नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घातलेले चोरदार उघडकीस आले. वितरित संचातील एक घातक फाईल गिटमधील नोंदीत नव्हतीच. नवे ते सारे निर्धोक असते, असे मानून चालत नाही, हाच यातील बोध.

मित्रहो, ज्या लिपीला संगणकावर येण्यास इतका काळ लागला, ती एका निष्काळजी नोंदीमुळे मुलांच्या पाठांतून पुन्हा नाहीशी होऊ नये, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.