पत्ता प्रोग्रामात नको



विंडोजच्या लॅपटॉपवर चोख चालणारा सी-प्लस-प्लसचा प्रोजेक्ट लिनक्सवर नेला, की पुष्कळदा इन्क्लूडच्या पहिल्याच ओळीशी अडतो. फाइल सापडत नाही, असा संदेश येतो. फाइल तर समोर दिसत असते. मग बिनसतं कुठं?

आधी नाव तपासा. फाइलच्या नावातला ‘एम’ कॅपिटल आणि इन्क्लूडच्या ओळीत स्मॉल, एवढंही पुरतं. विंडोज आणि मॅक एरवी हा फरक मानत नाहीत. लिनक्सच्या लेखी मात्र त्या दोन निराळ्या फाइली. म्हणून नावं सरसकट स्मॉल अक्षरांत ठेवावीत आणि त्यांत मोकळी जागा सोडू नये.

मग स्लॅश पाहा. एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि फॉरवर्ड स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी वापरला जात होता. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला बॅकस्लॅश आला. विंडोजनं तोच पुढं चालवला. पण इन्क्लूडच्या ओळीत विंडोजवरचे कंपायलरही फॉरवर्ड स्लॅश चालवून घेतात. तेव्हा सगळीकडे तोच लिहावा.

सर्वांत महागात पडते ती सवय वेगळीच: ‘सी ड्राइव्ह, यूजर्स, स्वतःचं नाव, डेस्कटॉप’ असा अख्खा पाथ प्रोग्रामात लिहून टाकायची. तो पाथ दुसऱ्याच्या मशीनवर नसतोच. लायब्ररींचंही तेच. लिनक्सवर हेडर फाइली सहसा ‘यूएसआर’मधल्या ‘इन्क्लूड’ फोल्डरात असतात. मॅकवर लायब्ररी बसवून देणारं होमब्रू त्या इंटेलच्या मशीनवर ‘यूएसआर-लोकल’खाली ठेवतं, तर अ‍ॅपलच्या नव्या चिपवर ‘ऑप्ट-होमब्रू’खाली. विंडोजवर तर सर्वांनी पाळावी अशी एक जागाच नाही. हेडर नेमकं कुठं शोधायचं, हे सी भाषेच्या प्रमाणकानंही कंपायलरवरच सोपवलं आहे.

यातून एकच नियम निघतो. प्रोग्रामानं फाइलचं नाव सांगावं. ती कुठं आहे, हे बिल्ड करणाऱ्या साधनानं शोधावं. आपली हेडर दुहेरी अवतरणात लिहा, प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरापासूनचा पाथ द्या आणि ते मूळ फोल्डर कंपायलरला एकदाच कळवा. बाहेरच्या लायब्ररींची हेडर कोनी कंसात लिहा. त्या लायब्ररी शोधायचं काम सीमेक या बिल्डच्या साधनाकडे द्या. त्याची ‘फाइंड पॅकेज’ ही कमांड तिन्ही प्लॅटफॉर्मवर चालते.

विद्यार्थी मित्रांनो, ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे उत्तर पुरेसं नाही. तुमचं काम दुसऱ्याच्या हाती चाललं, तरच ते पुरं झालं. आणि शिक्षकांना विनंती: प्रोजेक्टला गुण देण्यापूर्वी त्याची कोरी प्रत दुसऱ्या मशीनवर, शक्य तर दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर, एकदा बिल्ड करून घ्या. नोकरीत पहिल्याच आठवड्यात लागणारी ही शिस्त वर्गातच अंगी बाणायला हवी.